पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही चाचणीचा अहवाल असामान्य आला, तर पुढे काय करावे

गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अहवाल आता अनेकदा डॉक्टरांच्या आधी बाईच्याच मोबाइलवर येऊन पडतो. कामावरून परतताना लोकलमध्येच तो उघडला जातो, अनोळखी संज्ञांच्या गर्दीत ‘अ‍ॅबनॉर्मल’ किंवा ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शब्द डोळ्यांत भरतो आणि डॉक्टरांची वेळ मात्र दोन-तीन दिवसांनंतरची असते. त्या दोन-तीन दिवसांत मनात जे काही येते, त्याचा अहवालातील मजकुराशी फारसा संबंध नसतो. ही तपासणी कर्करोगाचे निदान करण्यासाठी नसतेच. कोणतीही लक्षणे नसलेल्या असंख्य स्त्रियांमधून कोणाची अधिक बारकाईने तपासणी करायला हवी, तेवढे वेगळे काढण्यासाठी ती असते. असामान्य अहवाल म्हणजे पुढची तपासणी करून घेण्याची सूचना आहे, आणि बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत त्या पुढच्या तपासणीत कर्करोग सापडत नाही.

तरीही हे लेखन केवळ धीर देण्यासाठी नाही. भारतातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा क्रमांक लागतो. ‘ग्लोबोकॅन’ या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात या आजाराचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. कर्करोग होण्याच्या कितीतरी वर्षे आधी हा आजार ओळखता येतो आणि त्या टप्प्यावर तो छोट्या उपचाराने थांबवता येतो, म्हणून हे मृत्यू अधिक जिव्हारी लागतात. असामान्य अहवालानंतर दोन टोकांच्या चुका होताना दिसतात. काही जणी दुखत-खुपत काहीच नाही म्हणून तो कागद कपाटात ठेवून देतात, तर काही जणी कोणीतरी ‘पिशवीच काढून टाका, कटकट नको’ असे सांगितल्यामुळे थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचतात. दोन्ही चुकांत मधल्या पायऱ्या गाळल्या जातात. अहवाल नीट समजून घेणे, दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहणे, गरज असेल तर तुकडा तपासणे आणि मगच उपचार ठरवणे, हा क्रम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

अहवालात नेमके काय लिहिले आहे

सर्वप्रथम आपली कोणती तपासणी झाली होती, ते पाहावे. पॅप स्मिअरमध्ये गर्भाशयमुखावरून ब्रशने किंवा पट्टीने घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात. एचपीव्ही डीएनए चाचणीत पेशी कशा दिसतात याचा विचार नसतो. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे कर्करोगकारक प्रकार नमुन्यात आहेत का, तेवढेच शोधले जाते. शिबिरात किंवा पालिकेच्या दवाखान्यात झालेली तपासणी बहुधा व्हीआयए असते. तिच्यात गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून पांढरे चट्टे उमटतात का, ते नुसत्या डोळ्यांनी पाहिले जाते.

व्हीआयए साधी असली, तरी तिला कमी लेखण्याचे कारण नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८पासून मुंबईच्याच झोपडपट्ट्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मात्र पांढरा चट्टा साध्या जंतुसंसर्गामुळे किंवा सुजेमुळेही उमटू शकतो. व्हीआयए पॉझिटिव्ह आली, तर मुंबईसारख्या शहरात पुढे दुर्बिणीची तपासणी करून घेणे शक्य असते आणि ती करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे रुग्ण पुन्हा येईलच याची खात्री नसते, तिथे त्याच भेटीत उपचार करण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेलाही मान्य आहे, त्यामुळे तसा सल्ला मिळाल्यास तो चुकीचा समजू नये.

पॅप स्मिअरचे निष्कर्ष ‘बेथेस्डा’ नावाच्या पद्धतीनुसार लिहिले जातात आणि त्यांत थोडी आद्याक्षरे ओळखता आली की अर्धी भीती ओसरते. ‘एनआयएलएम’ म्हणजे कर्करोगाचे किंवा कर्करोगपूर्व बदल दिसले नाहीत. त्यापुढे ‘इन्फ्लमेशन’ असे लिहिलेले असले, तरी तो अहवाल असामान्य ठरत नाही. सूज किंवा संसर्ग असेल, तर त्यावर औषध घ्यावे एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि तक्रार नसेल तर बहुधा तेवढीही गरज पडत नाही. ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ म्हणजे नमुना वाचण्याजोगा नव्हता. त्यात काळजीचे कारण नाही, पण तपासणी झाली असे समजून गप्प बसणेही योग्य नाही. दोन ते चार महिन्यांत नमुना पुन्हा द्यावा.

‘एएससी-यूएस’ हा सर्वाधिक आढळणारा असामान्य निष्कर्ष आहे. काही पेशी किंचित वेगळ्या दिसतात, पण त्या बदलाचा अर्थ ठामपणे सांगता येत नाही, असे पॅथॉलॉजिस्ट त्यातून कळवत असतात. इथे एचपीव्ही चाचणी निर्णायक ठरते. ती निगेटिव्ह आली, तर धोका इतका कमी असतो की पुढची नियमित तपासणी तीन वर्षांनी केली तरी चालते, आणि पॉझिटिव्ह आली, तर दुर्बिणीची तपासणी करावी लागते. एचपीव्ही चाचणी करणे शक्यच नसेल, तर वर्षभराने पॅप स्मिअर पुन्हा करावी. तुमचा नमुना काचेवर न पसरता द्रवाच्या बाटलीत घेतला असेल, तर त्याच बाटलीतून एचपीव्ही चाचणी होईल का, असे प्रयोगशाळेला लगेच विचारावे, कारण अशा बाटल्या ठरावीक काळच जपून ठेवल्या जातात.

‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल. तो बहुधा विषाणूच्या अलीकडच्या संसर्गाचा परिणाम असतो आणि पुष्कळदा आपोआप मावळतो, तरीही तो खरोखर सौम्यच आहे ना, हे दुर्बिणीतून पाहून घ्यायला हवे. ‘एचएसआयएल’ (पेशींतील मोठा बदल) आणि ‘एएससी-एच’ (तसा मोठा बदल असण्याची शंका) या दोन निष्कर्षांत मात्र थांबून पाहण्याला जागा नाही. एचपीव्ही निगेटिव्ह असली तरी दुर्बिणीची तपासणी करावीच लागते. ‘एजीसी’ या अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तो निष्कर्ष दुर्मीळ असल्याने घरी आणि कधी कधी दवाखान्यातही तो हलक्यात घेतला जातो. हा बदल ग्रंथींच्या पेशींत असतो आणि त्याचे मूळ गर्भाशयमुखाच्या आतल्या मार्गात किंवा थेट गर्भाशयाच्या अस्तरातही असू शकते. त्यामुळे दुर्बिणीच्या तपासणीसोबत आतल्या मार्गातील नमुना घ्यावा लागतो, आणि वय ३५ किंवा त्याहून अधिक असेल किंवा पाळीच्या तक्रारी असतील, तर अस्तराचा नमुनाही घ्यावा लागतो.

एचपीव्हीच्या अहवालात प्रकार दिलेला आहे का, ते पाहावे. जगभरातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशी १६ आणि १८ हे दोनच प्रकार असतात. म्हणून यांपैकी कोणताही सापडला, तर पॅप स्मिअर पूर्णपणे सामान्य असली तरी दुर्बिणीची तपासणी करावी. इतर प्रकार सापडले आणि पॅप स्मिअर सामान्य असेल, तर वर्षभराने पुन्हा चाचणी करतात आणि तेव्हाही विषाणू टिकून असेल, तर पुढची पायरी चढतात. हे एक वर्ष उगाच दवडलेले नसते. बहुतेक स्त्रियांचे शरीर दोनेक वर्षांत हा विषाणू स्वतःच आटोक्यात आणते, आणि जो संसर्ग टिकून राहतो त्याच्यापासूनच धोका असतो.

किती घाई करावी

संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास सामान्यतः १५ ते २० वर्षांचा असतो. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या स्त्रियांत तो ५ ते १० वर्षांतही होऊ शकतो. त्यामुळे अहवाल आला त्या रात्री धावपळ करण्याची गरज कोणालाच नसते. पण आपण त्या प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर आहोत हे अहवालावरून कळत नाही, म्हणून ‘एचएसआयएल’, ‘एएससी-एच’ किंवा ‘एजीसी’ असेल तर काही आठवड्यांच्या आत दुर्बिणीची तपासणी व्हायला हवी. मुलांच्या परीक्षा संपू देत, मे महिन्यात गावाहून परतल्यावर बघू, गणपती होऊन जाऊ देत, अशा एकेका कारणाने वर्ष कसे सरते ते कळतही नाही. घरातील प्रत्येकाच्या तारखा सांभाळणारी बाई स्वतःची तारीख मात्र सगळ्यांत शेवटी लावते, हे मुंबईतील कोणत्याही वस्तीत दिसते. तपासणीची तारीख आधी ठरवावी आणि गावाचे तिकीट त्यानंतरचे काढावे.

काही लक्षणे असतील, तर कोणत्याही अहवालाची वाट पाहू नये, आणि अहवाल सामान्य आला असला तरी त्यावर विसंबू नये. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव होणे, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा अंगावर जाणे, किंवा दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित स्राव होणे ही ती लक्षणे आहेत. अशा वेळी डॉक्टरांनी आतून तपासणी केलीच पाहिजे, आणि गर्भाशयमुखावर गाठ किंवा जखम प्रत्यक्ष दिसत असेल, तर पॅप स्मिअरमध्ये वेळ न घालवता तिचा तुकडा तपासायला पाठवला पाहिजे.

‘पिशवीच्या तोंडाला सूज आहे’ असे सांगून योनीत ठेवायच्या गोळ्यांची पाकिटे महिनोन्महिने दिली जातात. संसर्गावर औषध जरूर घ्यावे, पण ‘एचएसआयएल’ निष्कर्षावर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. एचपीव्ही शरीरातून घालवणारे सिद्ध झालेले औषध आज उपलब्ध नाही. तशी जाहिरात करणाऱ्या काढ्यांवर आणि कॅप्सूलवर पैसे घालवू नयेत. तसेच, सोनोग्राफी चांगली आली म्हणजे सारे ठीक आहे, असाही गैरसमज सर्वत्र आहे. गर्भाशयमुखाच्या पृष्ठभागावरील कर्करोगपूर्व बदल सोनोग्राफीत दिसतच नाहीत.

मुंबईत कोठे जावे आणि काय बरोबर न्यावे

दुर्बिणीच्या तपासणीला कोल्पोस्कोपी म्हणतात. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि विलेपार्ल्याचे कूपर ही पालिकेची मोठी रुग्णालये, सीएसएमटीजवळचे राज्य सरकारचे कामा आणि आल्ब्लेस रुग्णालय आणि परळचे वाडिया प्रसूतिगृह येथील स्त्रीरोग विभाग हे त्यासाठी विचारणा करण्याचे पहिले ठिकाण. टाटा स्मारक रुग्णालयात प्रतिबंधक कर्करोगशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. कर्करोगाची दाट शंका असेल, तर थेट तेथे जाणे उत्तम, परंतु ‘एएससी-यूएस’सारख्या निष्कर्षासाठी तेथील गर्दीत शिरण्याची गरज नाही, जवळच्या रुग्णालयातील स्त्रीरोग विभाग ते काम पुरेसे चांगले करतो. १९५१ साली मुंबईत स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटीही तपासणीची आणि गरजू रुग्णांना साहाय्य मिळवून देण्याची कामे करते.

सार्वजनिक रुग्णालयात कोल्पोस्कोपी बहुधा ठरावीक वारी होते. म्हणून पहिल्या दिवशी ओपीडीत केसपेपर काढून डॉक्टरांना अहवाल दाखवावा, तपासणीचा वार आणि तारीख लिहून घ्यावी, आणि ती तारीख पाळीच्या दिवसांत येत असेल तर तेव्हाच सांगावे. अर्धा दिवस जाईल असे धरूनच कामावर रजा सांगावी. खासगी डॉक्टरांकडे करणार असाल, तर तुकडा घ्यावा लागला तर त्याचा आणि पॅथॉलॉजीचा खर्च धरून एकूण किती पैसे लागतील, हे आधी विचारावे, कारण सांगितलेली रक्कम अनेकदा फक्त दुर्बिणीपुरती असते. पुढे शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे उपचार लागले, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतात का, याची चौकशी योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे (योजनेची माहिती व मदत देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन करावी. हे काम दाखल होण्यापूर्वी केलेले बरे, नंतर कागदांसाठी धावपळ होते.

सर्व अहवालांची एक फाइल करावी आणि प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काचेच्या स्लाइड आणि तुकड्याचे मेणातले ब्लॉक. दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर तेथील पॅथॉलॉजिस्टना मूळ स्लाइड आणि ब्लॉक स्वतः पाहायचे असतात, टाटामध्ये तर ते हमखास मागितले जातात. प्रयोगशाळेकडे रीतसर अर्ज करून ते मिळवता येतात. नुसत्या कागदावर दुसरे मत घेण्यापेक्षा स्लाइडवर दुसरे मत घेणे केव्हाही अधिक खात्रीचे.

कोल्पोस्कोपीच्या दिवशी

तपासणीच्या आधी दोन दिवस शरीरसंबंध टाळावेत आणि योनीत कोणतेही औषध ठेवू नये किंवा आतून धुऊ नये. उपाशी राहण्याची गरज नसते. डॉक्टरांची हरकत नसेल, तर तासभर आधी साधी वेदनाशामक गोळी घेता येते. गरोदर असाल, तशी शंका असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा कशाची अ‍ॅलर्जी असेल, तर ते आत गेल्याबरोबर सांगावे. सैल सलवार किंवा साडी सोयीची पडते, आणि एक सॅनिटरी पॅड बरोबर असू द्यावे.

प्रत्यक्ष तपासणी १० ते २० मिनिटांत संपते. पॅप स्मिअरच्या वेळी घातले होते तसेच उपकरण घालून गर्भाशयमुख उघडे केले जाते. दुर्बीण शरीराबाहेरच असते, ती आत घातली जात नाही. आधी अ‍ॅसिटिक आम्ल लावतात, तेव्हा थोडी जळजळ होते, आणि मग पुष्कळदा आयोडीन लावतात. बदललेला भाग आम्लाने पांढरा होतो आणि आयोडीनचा गडद तपकिरी रंग पकडत नाही, त्यावरून संशयास्पद जागा नेमकी कळते. तेथून तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान तुकडा चिमट्याने घेतात. त्या क्षणी चिमटा बसल्यासारखे किंवा पाळीत दुखते तसे दुखते. सहन होत नसेल तर ‘थांबा’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तपासणीच्या वेळी स्त्री परिचारिका जवळ हवी, पडदा लावलेला हवा आणि आपल्याला काय करत आहेत ते सांगितले जावे, या मागण्या अवाजवी नाहीत. गर्दीच्या ओपीडीतही त्या शांतपणे मांडाव्यात.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’, ‘हात लावू नका, चिघळेल’ असे सांगणारी माणसे प्रत्येक चाळीत आणि प्रत्येक सोसायटीत भेटतील. तुकडा घेतल्याने हा आजार पसरत नाही. उलट तुकडा न घेता केलेला उपचार अंधारात केलेला असतो.

रक्त थांबवण्यासाठी लावलेल्या औषधामुळे दोन-चार दिवस काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखा स्राव जातो. त्याला घाबरू नये. आठवडाभर संबंध टाळावेत. पाळीपेक्षा जास्त रक्त जाऊ लागले, ताप आला किंवा घाण वास येऊ लागला, तर त्याच रुग्णालयात लगेच परत जावे. निघण्यापूर्वी तुकड्याचा अहवाल कधी, कोणत्या खिडकीवर मिळेल आणि तो कोणाला दाखवायचा, हे लिहून घ्यावे. बायका हरवतात त्या बहुधा याच टप्प्यावर: तुकडा दिलेला असतो, अहवाल तयार होऊन पडलेला असतो आणि तो न्यायला कोणी येत नाही.

तुकड्याचा अहवाल आणि उपचार

निदान ठरते ते या अहवालावरून. त्यात कर्करोगपूर्व बदलाला ‘सीआयएन’ म्हणतात आणि सौम्य ते तीव्र अशा १ ते ३ श्रेणी देतात. ‘सीआयएन १’ असेल, तर बहुतेकदा उपचार लागत नाही. तो बदल बहुधा आपोआप मावळतो आणि वर्षभराने पुन्हा तपासणी पुरते. मात्र त्याआधीच्या पॅप स्मिअरमध्ये ‘एचएसआयएल’ आले असेल, तर दोन अहवालांत तफावत का पडली, हे डॉक्टरांना विचारावे, कारण मोठा बदल असलेली जागा तुकड्यात आलीच नसण्याची शक्यता असते. ‘सीआयएन ३’ हा खरा कर्करोगपूर्व बदल आहे आणि त्यावर उपचार करायलाच हवा. न्यूझीलंडमध्ये पूर्वी उपचाराविना राहिलेल्या अशा स्त्रियांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा ३० वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के जणींना कर्करोग झाल्याचे आढळले. ‘सीआयएन २’ मधला आहे. वय कमी असेल आणि मूल हवे असेल, तर दर सहा महिन्यांनी तपासत काही काळ थांबता येते, अन्यथा उपचार करतात. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट ‘पी १६’ नावाची जादा चाचणी करून बदल खरोखर मोठा आहे का ते पाहू शकतात. ती झाली आहे का, हे अवश्य विचारावे.

उपचाराचे दोन प्रकार आहेत. क्रायोथेरपीत अतिथंडीने आणि थर्मल अ‍ॅब्लेशनमध्ये उष्णतेने बदललेला थर नष्ट करतात. बदल पूर्णपणे बाहेरून दिसत असेल, फार पसरलेला नसेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तरच हे चालते. दुसरा प्रकार म्हणजे ‘लीप’. यात जागेवर भूल देऊन विजेच्या प्रवाहाच्या बारीक तारेने तो भाग कापून काढतात, आणि कापलेला भाग पुन्हा तपासायला जातो. बदल आतल्या मार्गात शिरलेला असेल किंवा ग्रंथींच्या पेशींतला असेल, तर भूल देऊन शंकूच्या आकाराचा भाग काढावा लागतो. ‘लीप’नंतर तीन-चार आठवडे स्राव जाऊ शकतो. तेवढे दिवस संबंध टाळावेत, पाण्याच्या कळश्या किंवा जड पिशव्या उचलू नयेत आणि पोहायला जाऊ नये. घरात हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर चौथ्या दिवशी सगळी कामे पुन्हा तुमच्याच अंगावर येतात.

यानंतर मूल होईल का, हा प्रश्न तरुण स्त्रियांना सर्वांत जास्त छळतो. ‘लीप’मुळे सामान्यतः दिवस जाण्यात अडचण येत नाही. नंतरच्या गरोदरपणात वेळेआधी बाळंतपण होण्याचा धोका थोडा वाढतो, आणि तो किती खोल भाग काढला यावर अवलंबून असतो. म्हणून मूल हवे असेल, तर ते शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे आणि पुढे गरोदरपणी नाव नोंदवताना या उपचाराचा कागद दाखवावा.

‘पिशवी काढून टाका’ असे सांगितले तर

महाराष्ट्रात हा सल्ला फार सहज दिला जातो आणि तितक्याच सहज घेतला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा या सहजतेची किंमत सर्वांनी पाहिली. मुंबईत परिस्थिती तशी नसली, तरी ‘मुले झाली आहेत ना, मग हवी कशाला’ हे वाक्य इथल्या दवाखान्यांतही ऐकू येते.

केवळ पॅप स्मिअर किंवा एचपीव्हीचा अहवाल असामान्य आहे, या कारणासाठी गर्भाशय काढू नये. ‘सीआयएन ३’ साठीसुद्धा तो पहिला उपचार नाही. यात अनावश्यक शस्त्रक्रियेपेक्षाही मोठा धोका दडलेला आहे. तुकडा न तपासता साधी शस्त्रक्रिया केली आणि नंतर काढलेल्या गर्भाशयात कर्करोग सापडला, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी बहुतेकदा भोवतालच्या ऊतींसह करावी लागणारी वेगळी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार आणि केमोथेरपी लागते, आणि अर्धवट शस्त्रक्रियेनंतर ते उपचार अधिक अवघड होतात. म्हणून असा सल्ला मिळाल्यास कोल्पोस्कोपी झाली का, तुकड्याचा अहवाल काय आहे, आणि ‘लीप’ का चालणार नाही, असे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे कागदावर मिळाली नाहीत, तर सही करू नये आणि दुसरे मत घ्यावे. गर्भाशय काढण्याची गरज काही जणींना खरोखरच असते, उदाहरणार्थ वारंवार उपचार करूनही बदल उरला असेल किंवा गर्भाशयात दुसराही आजार असेल तेव्हा. पण तो निर्णय सगळ्या तपासण्या हातात आल्यानंतर घ्यायचा असतो.

तुकड्यात कर्करोग निघालाच, तर त्याच रुग्णालयात तातडीने काही करून टाकण्याच्या घाईत पडू नये. स्त्री-कर्करोगतज्ज्ञ आणि किरणोपचाराची सोय एकाच ठिकाणी असलेल्या रुग्णालयात स्लाइड आणि ब्लॉक घेऊन जावे. तेथे आधी आजाराचा टप्पा ठरवतात आणि मग उपचार. सुरुवातीच्या टप्प्यातील हा कर्करोग बरा होऊ शकतो.

घरी कसे सांगावे

एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, हे कळल्यावर अनेक घरांत अहवालापेक्षा मोठे वादळ उठते. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विषाणू गाठतो, आणि तो कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे शरीरात राहू शकतो. त्यामुळे आज आलेल्या अहवालावरून संसर्ग कधी झाला किंवा कोणाकडून आला, हे कोणालाही सांगता येत नाही. तो अहवाल कोणाच्याही चारित्र्याचा पुरावा नाही, बायकोच्याही नाही आणि नवऱ्याच्याही नाही. हे स्वतः सांगणे जड जात असेल, तर नवऱ्याला पुढच्या भेटीला बरोबर न्यावे आणि डॉक्टरांनाच समजावून सांगायला सांगावे. पुरुषांसाठी यावर नेहमीची अशी तपासणी नाही.

सासूबाईंना किंवा नणंदेला किती सांगायचे, हे तुमचे तुम्ही ठरवायचे आहे. ‘पिशवीच्या तोंडावर थोडा बदल आहे, छोटा उपचार आहे, महिनाभर जड काम करायचे नाही’ एवढे सांगितले तरी पुरते. मात्र कोणालाच न सांगता एकटीने सगळे निभावण्याचा प्रयत्न करू नये. एक बहीण, एक शेजारीण, कोणीतरी तारखा माहीत असलेले माणूस हवे.

वेगळ्या परिस्थितीत

गरोदरपणात कोल्पोस्कोपी सुरक्षित असते आणि गरज असेल तर तुकडाही घेता येतो. आतल्या मार्गाचा खरवडून घेतलेला नमुना मात्र घेत नाहीत. कर्करोगाची शंका नसेल, तर उपचार बाळंतपणानंतरपर्यंत पुढे ढकलतात, फक्त बाळाच्या गडबडीत ती फेरतपासणी राहून जाता कामा नये. पाळी गेलेल्या स्त्रियांत संप्रेरके कमी झाल्याने पेशी कोरड्या पडून ‘एएससी-यूएस’सारखा निष्कर्ष येऊ शकतो, योनीत लावायच्या इस्ट्रोजेन मलमाचा काही आठवडे वापर करून पुन्हा स्मिअर केल्यास चित्र स्पष्ट होते. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांत हा आजार अधिक वेगाने वाढतो, म्हणून त्यांची तपासणी २५व्या वर्षापासून आणि अधिक वेळा करावी लागते. एआरटी केंद्रातील (एचआयव्हीवरील औषधोपचार केंद्रातील) डॉक्टरांना हा अहवाल अवश्य दाखवावा. सिगारेट आणि विडीमुळे विषाणू टिकून राहण्याचा आणि कर्करोगाचा धोका वाढतो, त्यामुळे ती सोडावी. मिश्री आणि तंबाखू सोडण्याची तर तोंडाच्या कर्करोगासह इतरही कारणे आहेत.

उपचार झाल्यानंतर

‘लीप’नंतर काढलेल्या भागाचा अहवाल न चुकता आणावा आणि त्यात ‘मार्जिन’ स्वच्छ आहेत का, म्हणजे कडेपर्यंत बदल पोहोचला होता का, ते पाहावे. सहा महिन्यांनी एचपीव्ही चाचणी करावी, ती निगेटिव्ह आली तर पुढची तीन वर्षे दरवर्षी, आणि त्यानंतर साधारण तीन वर्षांच्या अंतराने किमान २५ वर्षे तपासणी चालू ठेवावी. ५० वर्षांच्या बाईला याचा अर्थ ७५ वर्षांपर्यंत असा होतो, आणि तो शब्दशः तसाच घ्यायचा आहे.

एचपीव्हीची लस आधीच झालेला संसर्ग किंवा बदल बरा करत नाही, त्यामुळे ती उपचाराऐवजी घेऊ नये. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल, तर तिच्यासाठी मात्र याच वेळी डॉक्टरांशी बोलावे. या वयात दोन मात्रा पुरतात, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्वावॅक’ ही लसही उपलब्ध आहे. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे वयानुसार तपासणी करावीच लागते, कारण कोणतीही लस विषाणूचे सगळे प्रकार अडवत नाही.

‘सीआयएन २’ किंवा ‘सीआयएन ३’ मुळे ज्यांचे गर्भाशय काढले आहे, त्यांनीही तपासणी थांबवू नये. असा बदल पुढे योनीच्या वरच्या टोकाशी उद्भवू शकतो आणि तेथून घेतलेल्या नमुन्यात तो सापडतो. नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर ‘पिशवी काढली आहे’ एवढेच न सांगता ती कोणत्या कारणासाठी काढली, तेही सांगावे आणि तेव्हाचा पॅथॉलॉजीचा अहवाल फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावा.